खासगी अग्निबाण आणि सर्वांचे आकाश

सन २०२१ च्या जुलै महिन्यात अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने दोन अब्जाधीश आकाशात जाऊन आले. ११ जुलैला रिचर्ड ब्रॅन्सन आपल्या व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीच्या यानातून गेले आणि २० जुलैला जेफ बेझोस आपल्या ब्लू ओरिजिन कंपनीच्या अग्निबाणातून. जगभर तेव्हा करोनाची साथ चालू होती. आपल्याकडे दुसऱ्या लाटेतील चितांची राख अजून पुरती निवली नव्हती. त्यामुळे या दोन उड्डाणांवर समाजात दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटल्या. एका पक्षाला मानवजातीच्या इतिहासातील नवे पर्व सुरू झाल्याचा साक्षात्कार झाला, तर दुसऱ्या पक्षाने हा श्रीमंतांचा उद्दाम चाळा आहे असे म्हणून विषय संपवून टाकला.

आम्हांस या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात. पहिली भाबडी आहे हे उघडच आहे. परंतु दुसरीही, वरकरणी कितीही पुरोगामी भासली तरी, आपल्या कामाची नाही. ज्या समाजाला शतकानुशतके विद्येपासून दूर ठेवले गेले, त्याने एखाद्या ज्ञानक्षेत्राकडे ‘ते त्यांचे आहे, आपले नाही’ असे म्हणून पाठ फिरवणे म्हणजे बाहेरच्यांनी घातलेले कुंपण आपल्याच हातांनी दुरुस्त करून देणे होय. म्हणून निवासी शाळेच्या या स्मरणिकेत, जिथे सहसा संस्थेच्या वाटचालीवर लिहिले जाते, तिथे आम्ही मुद्दाम अवकाशप्रवासाचा विषय घेतला आहे. आम्ही इतिहासाचे अध्यापक आहोत. यंत्रशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि नवे वाहन आले की त्यात कोण बसते, कोण ते ओढते आणि त्याचे भाडे कोण भरते, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत.

प्रथम विकले काय जात आहे ते पाहू. ‘अंतराळात जाणे’ या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी खपवल्या जातात. ब्रॅन्सन यांचे यान सुमारे ८६ किलोमीटर उंचीवर गेले, बेझोस यांचे १०० किलोमीटरची रेषा ओलांडून थोडे वर गेले. दोघेही लगेच खाली आले. बेझोस यांचे संपूर्ण उड्डाण जेमतेम दहा मिनिटांचे होते. वर फेकलेला चेंडू जसा क्षणभर थांबून खाली येतो, तसाच हा प्रकार. त्या शिखरावर तीन-चार मिनिटे भारहीन अवस्था अनुभवता येते. पृथ्वीभोवती फिरत राहायचे असेल तर मात्र नुसती उंची पुरत नाही. ताशी सुमारे २८,००० किलोमीटर इतका आडवा वेग लागतो. एक किलो वजन १०० किलोमीटर उंच उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे तीसपट ऊर्जा त्याच किलोला कक्षेतील वेग देण्यासाठी लागते. म्हणून उपकक्षीय सहलीचे तिकीट लाखो डॉलरांत मिळते आणि कक्षेतील प्रवासाचे कोट्यवधी डॉलरांत. व्हर्जिन गॅलॅक्टिकने २०२१ साली आपल्या तिकिटाची किंमत साडेचार लाख डॉलर, म्हणजे तीन कोटी रुपयांहून अधिक ठेवली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर खासगी प्रवासी नेणाऱ्या ॲक्सिअम कंपनीच्या २०२२ मधील पहिल्या मोहिमेत प्रत्येक जागेसाठी सुमारे साडेपाच कोटी डॉलर मोजले गेल्याचे सांगतात. हा फरक व्यापाऱ्याच्या लोभामुळे पडलेला नाही, निसर्गनियमामुळे पडलेला आहे. अवकाशपर्यटनाच्या भवितव्याविषयी बोलताना हा निसर्गनियम विसरून चालणार नाही.

पहिला पर्यटक गेला तो मात्र भांडवलशाही अमेरिकेच्या यानातून नव्हे. डेनिस टिटो हे साठ वर्षांचे अमेरिकन धनिक २८ एप्रिल २००१ रोजी रशियाच्या सोयूझ यानातून स्थानकावर गेले आणि सुमारे आठ दिवस राहून आले. त्यांनी त्यासाठी सुमारे दोन कोटी डॉलर दिल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. अमेरिकेच्या नासा या संस्थेचा त्यांच्या जाण्याला विरोध होता; रशियाला पैशाची गरज होती. ज्या राष्ट्राने गागारिनला कामगारवर्गाचा प्रतिनिधी म्हणून जगभर मिरवले, त्याच राष्ट्राच्या वारसाने चाळीस वर्षांनी यानातील रिकामी खुर्ची विकली. इतिहास असे विनोद अधूनमधून करतो.

आता ‘खासगी’ या शब्दाविषयी. स्पेसएक्स या कंपनीचा आज बोलबाला आहे आणि तिचे यश खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०१५ मध्ये तिने उपग्रह सोडून परत आलेला अग्निबाणाचा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरवून दाखवला. २०१७ पासून तसे टप्पे पुन्हा वापरले जाऊ लागले. तोवर प्रत्येक प्रक्षेपणात कोट्यवधींचे यंत्र समुद्रात बुडवण्याची रीत होती. मुंबईहून पुण्यास गेल्यावर दर खेपेस गाडीचे इंजिन दरीत ढकलून द्यावे, तसे ते होते. वजन वर नेण्याचा खर्च त्यामुळे कित्येक पटींनी उतरला. परंतु ही कंपनी उभी राहिली ती कोणाच्या पैशावर? तिचा पहिला छोटा अग्निबाण तीनदा अयशस्वी ठरून सप्टेंबर २००८ मध्ये चौथ्या खेपेस कक्षेत पोहोचला, तेव्हा तिची तिजोरी जवळपास रिकामी होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नासाने तिला स्थानकावर माल पोहोचवण्याच्या बारा खेपांचे १६० कोटी डॉलरांचे कंत्राट दिले. पुढे २०१४ साली माणसे नेण्यासाठी आणखी २६० कोटी डॉलरांचे. त्याच वेळी बोइंग या जुन्या, मातब्बर कंपनीला ४२० कोटी मिळाले. आणि तिच्या यानातून जून २०२४ मध्ये गेलेल्या सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर यांना आठवड्याभराच्या कामासाठी जाऊन नऊ महिने वर राहावे लागले, ते अखेर मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या यानातून परतले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. यावरून दोन गोष्टी दिसतात. खासगी म्हटले की कार्यक्षम असा काही नियम नाही. आणि ज्याला खासगी म्हणतात त्याचा पाया अनेकदा करदात्याच्या पैशाचा असतो.

ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हे शाळेतले प्रत्येक मूल पाठ म्हणून दाखवते. ती गाडी ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ नावाच्या खासगी कंपनीची होती, हे थोड्यांना ठाऊक असते. आणि १८४९ च्या करारान्वये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने या रेल्वे कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती, हे तर फारच थोड्यांना. धंद्यात नफा झाला तर तो लंडनच्या भागधारकाचा. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेवटी रयतेच्या साऱ्यातून भरून द्यायची. मालक खासगी आणि जोखीम सार्वजनिक, असा तो मामला. बोरघाटातील बोगदे खोदताना हजारो मजूर साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी मेले. त्यांत कोण होते हे सांगायला नको.

तरीही त्याच आगगाडीने एक अनपेक्षित गोष्ट केली, आणि अवकाशपर्यटनाचे समर्थक नेमका तिचाच दाखला देतात. कंपन्यांना वाटले होते की मालवाहतूक आणि वरच्या वर्गाचे प्रवासी यांवर धंदा चालेल. हिंदी माणूस जातिबंधनांमुळे गाडीत बसायचा नाही. प्रत्यक्षात तिसऱ्या वर्गाच्या बाकांवर माणसांची झुंबड उडाली आणि प्रवासी उत्पन्नाचा मोठा भाग त्याच वर्गाकडून येऊ लागला. ज्यांची सावली टाळली जात होती त्यांच्या शेजारी बसून सोवळ्यातली माणसे पंढरपूर-काशीला जाऊ लागली. तर मग, समर्थक विचारतात, आज कोट्यधीशांपुरते असलेले अवकाशाचे तिकीट उद्या तिसऱ्या वर्गापर्यंत का येणार नाही?

येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. निदान आज शाळेत असलेल्या पिढीच्या आयुष्यात तरी नाही. एक कारण वर सांगितले, ते ऊर्जेचे. गाडी स्वस्त झाली कारण एका इंजिनामागे हजार माणसे ओढता येत होती. कक्षेत जाणाऱ्या यानात आज चार माणसे बसतात. दुसरे कारण अधिक साधे आहे. आगगाडी माणसाला जिथे जायचे होते तिथे नेत होती: कापडगिरणीत, बाजारात, लेकीच्या सासरी. अवकाशात अजून तरी कोणाची लेक दिलेली नाही. खिडकीतून पृथ्वी पाहून परत येणे एवढेच ज्या प्रवासाचे प्रयोजन आहे, तो प्रवास हौसेचा राहतो आणि हौसेला गिऱ्हाईक मर्यादित असते. व्हर्जिन गॅलॅक्टिकनेच ‘युनिटी’ या यानाने थोड्या प्रवासी फेऱ्या करून जून २०२४ मध्ये ते निवृत्त केले. सध्याचे आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० नंतर पाडण्याचे ठरले आहे. त्याच्या जागी खासगी स्थानके उभारण्याच्या योजना आहेत, पण त्यांचेही मुख्य गिऱ्हाईक सरकारेच असतील.

म्हणजे पर्यटन हा या धंद्याचा दर्शनी भाग आहे, मुख्य व्यवहार आत वेगळाच चालतो. त्याकडे वळण्यापूर्वी दोन ऐतिहासिक प्रसंग आठवणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण ‘गरिबांच्या पोटाचा प्रश्न आधी की आकाश आधी’ हा वाद आजचा नाही.

१५ जुलै १९६९. दुसऱ्या दिवशी अपोलो ११ चंद्राकडे झेपावणार होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्यांच्या संघटनेची धुरा वाहणारे रेव्हरंड राल्फ ॲबरनॅथी फ्लोरिडातील त्या तळावर गरीब काळ्या कुटुंबांना घेऊन पोहोचले. सोबत खेचरे जोडलेल्या गाड्या होत्या. एकीकडे जगातला सर्वांत मोठा अग्निबाण आणि त्याच्या पायथ्याशी खेचरगाडी, असे ते दृश्य. नासाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः त्यांना भेटायला बाहेर आले. ॲबरनॅथी यांनी उपासमारीचा प्रश्न मांडला; पण चांद्रमोहिमेचा धिक्कार केला नाही, उलट देशाच्या या पराक्रमाचा आपल्यालाही अभिमान वाटतो असे सांगितले. पेन यांचे उत्तर असे होते की, उड्डाणाचे बटन न दाबल्याने गरिबी दूर होणार असती तर आम्ही ते दाबलेच नसते. दुसऱ्या दिवशी त्यांतील काही कुटुंबांना उड्डाण पाहण्यासाठी मानाच्या पाहुण्यांत जागा देण्यात आली.

पेन यांचे उत्तर प्रामाणिक होते यात शंका नाही, पण ते पुरेसे नव्हते. बटन दाबावे की दाबू नये, हा ॲबरनॅथी यांचा प्रश्नच नव्हता. जे राष्ट्र चंद्रावर माणूस उतरवण्याइतकी बुद्धी आणि संपत्ती एकवटू शकते, ते भुकेवर ती का एकवटत नाही, असे त्यांचे विचारणे होते. आणि पाहुण्यांच्या मांडवात जागा मिळणे म्हणजे यानात जागा मिळणे नव्हे.

यानातील जागेची गोष्ट एड ड्वाइट यांची. अमेरिकी वायुदलातील हा काळा कॅप्टन १९६० च्या दशकाच्या आरंभी अंतराळवीर होण्याचे प्रशिक्षण घेणारा पहिला कृष्णवर्णीय उमेदवार ठरला. काळ्या वृत्तपत्रांनी त्यांची छायाचित्रे पहिल्या पानावर छापली. १९६३ साली नासाने नव्या तुकडीची निवड जाहीर केली, तीत ते नव्हते. १९६६ साली त्यांनी वायुदल सोडले आणि पुढे शिल्पकार म्हणून नाव मिळवले. अमेरिकेचा पहिला काळा अंतराळवीर, ग्वायन ब्लूफोर्ड, अवकाशात गेला तो थेट १९८३ मध्ये. वॅली फंक यांची कथाही अशीच. १९६१ साली काही महिला वैमानिकांनी अंतराळवीरांच्या वैद्यकीय चाचण्या दिल्या आणि त्या उत्तीर्ण झाल्या. त्यांतील ही सर्वांत तरुणांपैकी एक. परंतु नासाची अट होती की उमेदवार लढाऊ जेट विमानांचा चाचणी-वैमानिक असला पाहिजे, आणि त्या पदावर स्त्रियांना घेतलेच जात नव्हते. नियमात ‘स्त्रिया नकोत’ असे कुठेही लिहिलेले नव्हते. लिहिण्याची गरज नव्हती. अशा अटी आपण पुष्कळ पाहिल्या आहेत.

या दोघांना अखेर आकाश दाखवले ते कोणी? फंक २० जुलै २०२१ रोजी बेझोस यांच्या शेजारी बसून गेल्या, वयाच्या ८२ व्या वर्षी. ड्वाइट १९ मे २०२४ रोजी त्याच कंपनीच्या यानातून गेले, तेव्हा ते ९० वर्षांचे होते. (त्याच उड्डाणात गोपी थोटाकुरा हे आंध्रचे वैमानिक होते, भारताचे पहिले अवकाशपर्यटक म्हणून त्यांचे नाव आपल्या वृत्तपत्रांत आले.) सरकारने जे दार साठ वर्षे बंद ठेवले ते एका धनिकाच्या कंपनीने दहा मिनिटांसाठी का होईना उघडले, ही वस्तुस्थिती आमच्यासारख्या सार्वजनिक मालकीच्या पक्षपात्यांनी डोळ्यांआड करू नये. शासन म्हणजे न्याय, असे समीकरण नाही. शासनालाही जात असते, वर्ण असतो, लिंग असते.

मात्र हेही पाहिले पाहिजे की फंक निमंत्रणावरून गेल्या आणि ड्वाइट यांची जागा एका संस्थेने पुरस्कृत केली होती. दोघांनाही जे मिळाले ते भेट म्हणून मिळाले. ब्लूफोर्डला जे मिळाले ते पद होते. भेट देणाऱ्याचे मन बदलू शकते. पदावर दावा सांगता येतो, नाकारले तर न्यायालयात जाता येते, आणि एकाने मिळवलेले पद पुढच्या दहांसाठी दाखला ठरते.

आता कायद्याकडे. १९६७ च्या अवकाश करारात असे म्हटले आहे की अवकाशाचा शोध आणि वापर सर्व देशांच्या हितासाठी व्हावा, ते सकल मानवजातीचे क्षेत्र असावे आणि चंद्रावर वा अन्य गोलांवर कोणत्याही राष्ट्राने स्वामित्व सांगू नये. भारत या करारात आहे. शब्द उदात्त आहेत. परंतु १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळेही खुले केले. कागदावर तळे सर्वांचे झाले. प्रत्यक्षात ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ ची वाट पाहावी लागली, आणि कोर्टातला वाद तर १९३७ पर्यंत चालला. ‘सर्वांचे’ या शब्दाचा अर्थ आपल्या लोकांना कोशात पाहावा लागत नाही. जे सर्वांचे आहे असे लिहून ठेवले आहे, तिथपर्यंत पोहोचण्याचे साधन कोणाकडे आहे, एवढे आपण आधी पाहतो.

अवकाशाच्या बाबतीत हे साधन मोजक्यांच्या हाती आहे आणि कायदाही हळूहळू त्यांच्या बाजूने वाकत आहे. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून आपल्या नागरिकांना लघुग्रहांवरून वा चंद्रावरून काढलेल्या द्रव्यावर मालकी दिली. लक्झेंबर्गसारख्या चिमुकल्या देशाने २०१७ साली तसाच कायदा केला. चंद्राची संपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा मानणारा १९७९ चा करार मात्र मोठ्या अवकाशसत्तांनी स्वीकारलाच नाही. भारताने त्यावर १९८२ साली सही केली, पण मान्यता दिली नाही. आणि जून २०२३ मध्ये भारत अमेरिकापुरस्कृत आर्टेमिस करारात सामील झाला. या निर्णयामागे व्यवहार असेल. त्यावर आपल्याकडे जाहीर चर्चा मात्र झाली नाही, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

आणि आता मुख्य व्यवहार. मे २०१९ मध्ये स्पेसएक्सने स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एकदम सोडले. आज कक्षेत त्यांचे हजारो उपग्रह फिरत आहेत. जगातील चालू उपग्रहांपैकी निम्म्याहून अधिक या एका कंपनीचे आहेत. हा व्यवसाय पर्यटकांच्या तिकिटांहून कितीतरी मोठा आहे आणि त्याचा संबंध थेट आपल्याशी येतो. कंपनीला २०२५ साली भारतात सेवा देण्याची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने तिच्याशी इरादापत्र केले, ते गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम यांसारख्या जिल्ह्यांत इंटरनेट पोहोचवण्यासाठी. भामरागडच्या आश्रमशाळेत जर त्यामुळे धडे पोहोचणार असतील, तर आम्ही त्याला विरोध करणार नाही. परंतु युक्रेनच्या युद्धात हीच सेवा कुठे चालावी आणि कुठे चालू नये, याचा निर्णय एका व्यक्तीच्या हाती गेल्याचे जगाने पाहिले. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असा आग्रह धरला होता. ज्या सुविधेवाचून समाजाचे चालत नाही ती खासगी मालकाच्या मर्जीवर सोडली, तर कागदावरचे स्वातंत्र्य मालकाच्या अंगणात गहाण पडते, ही त्यामागची दृष्टी. त्या वेळी उपग्रह नव्हते. पण त्या यादीत आज काय बसेल, याचा विचार अभ्यासकांनी करावा.

भारताच्या अवकाशकार्यक्रमाचा जन्म पर्यटनातून झाला नाही. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावातून पहिला अग्निबाण उडाला. तिथल्या मच्छीमारांनी जागा सोडली, आपले चर्च दिले. त्या चर्चमध्ये शास्त्रज्ञांचे पहिले कार्यालय थाटले गेले. पुढे श्रीहरिकोटा बेटावर प्रक्षेपण केंद्र झाले तेव्हा तिथल्या यानादी आदिवासींना आपली जागा सोडावी लागली. चर्चची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, यानादींची क्वचितच. देशाच्या प्रत्येक यशस्वी प्रक्षेपणात त्यांच्या जमिनीचा वाटा आहे, हे आम्ही वर्गात सांगतो.

विक्रम साराभाई यांनी या कार्यक्रमापुढे ठेवलेले ध्येय मात्र स्वच्छ होते: चंद्रावर वा ग्रहांवर माणसे नेण्याच्या शर्यतीत श्रीमंत राष्ट्रांशी स्पर्धा करायची नाही, तर प्रगत तंत्रज्ञान लोकांच्या प्रश्नांसाठी वापरायचे. १९७५-७६ साली अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्यात आली. शेती, आरोग्य, शाळा यांवरचे कार्यक्रम ज्या खेड्यांत दाखवले गेले त्यांतील कित्येकांनी तोवर चित्रपटही पाहिला नव्हता. आज वादळाची सूचना किनाऱ्यावरच्या कोळ्याला आधी मिळते, पिकांचा आणि भूजलाचा अंदाज काढता येतो, ही त्याच ध्येयाची फळे आहेत. चांद्रयान ३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले ते सुमारे ६१५ कोटी रुपयांत. शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत ॲक्सिअमच्या मोहिमेतून स्थानकावर जाऊन आले, त्या एका जागेवर व तिच्या तयारीवर साडेपाचशे कोटींच्या आसपास खर्च झाल्याचे वृत्त होते. राकेश शर्मा यांच्यानंतर ४१ वर्षांनी भारतीय अवकाशात गेला याचा आनंद आम्हांलाही झाला. या दोन आकड्यांची तुलना मात्र विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी. एका आकड्यात देशाने यंत्र घडवले, दुसऱ्यात अनुभव विकत घेतला. गगनयानाच्या तयारीसाठी तो अनुभव लागणारच होता, असेही म्हणता येईल.

२०२० पासून भारतानेही अवकाशक्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले आहे. त्यासाठी इन-स्पेस ही संस्था स्थापन झाली. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी स्कायरूट या हैदराबादच्या कंपनीचा छोटा अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडाला. ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या अग्निकुलचा. तरुण अभियंत्यांचे हे काम कौतुकास पात्र आहे. आमची चिंता वेगळी आहे आणि ती या शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींशी थेट निगडित आहे. इस्रोच्या भरतीची जाहिरात निघते तेव्हा तीत अनुसूचित जाती-जमातींच्या जागा स्वतंत्र दाखवलेल्या असतात. उद्या हेच काम खासगी कंपन्यांकडे सरकले, तर त्या जागांचे काय होणार? या कंपन्या इस्रोचे प्रक्षेपण तळ वापरतात, इस्रोच्या चाचणी-सुविधा वापरतात, इस्रोने साठ वर्षे सार्वजनिक पैशातून जमवलेले ज्ञान वापरतात. पाच टक्के हमीचीच ही नवी आवृत्ती आहे. मग त्या बदल्यात सामाजिक प्रतिनिधित्वाची अट का नसावी? सरकारी सुविधा वापरणाऱ्या प्रत्येक अवकाश-कंपनीने आपल्या अभियंत्यांची सामाजिक वर्गवारी दरवर्षी प्रसिद्ध करावी आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पदवीधरांसाठी ठरावीक प्रशिक्षण-जागा ठेवाव्यात, एवढी मागणी तर आज करता येते. तीसाठी नवा कायदाही लागत नाही. परवानगीच्या अटींत एक कलम घातले तरी पुरे.

गगनयानासाठी निवडलेल्या चार अंतराळवीरांची नावे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. चौघेही वायुदलाचे चाचणी-वैमानिक, चौघेही पुरुष. त्यांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु वॅली फंकची अट इथेही आलीच. पुढच्या तुकडीत शास्त्रज्ञ, डॉक्टर, अभियंते घेतले जाणार असतील तर त्या तुकडीचा अर्ज भरण्याच्या वयात आपली आजची आठवी-नववीची मुले असतील. त्यांना तिथवर नेणारे रस्ते आजही आहेत, फक्त ते आपल्या वस्त्यांत माहीत नाहीत. इस्रो २०१९ पासून नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ हे उन्हाळी शिबिर घेते; निवडीत ग्रामीण शाळांतील मुलांना जादा गुण असतात. थिरुवनंतपुरम येथे २००७ पासून अवकाशविज्ञानाची स्वतंत्र केंद्रीय संस्था आहे आणि तिथे प्रवेशात आरक्षण आहे. आमच्या पाहण्यात असे आले आहे की ‘युविका’ची सूचना अनेक शाळांत मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते आणि मुदत संपल्यावर फायलीत जाते. संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते झाले आहेत, त्यांतील दोघा-तिघांनी दरवर्षी शाळेत येऊन नववीच्या प्रत्येक मुलामुलीचा हा अर्ज स्वतः बसून भरून घ्यावा, आणि कोणत्या प्रमाणपत्राअभावी कोणाचा अर्ज अडला याची नोंद कार्यालयात ठेवावी. विज्ञान प्रदर्शनातील बक्षिसाचा कागद, खेळातील सहभागाचे पत्र, आठवीची गुणपत्रिका अशी कागदपत्रे त्यासाठी लागतात. ती ऐन वेळी गावाहून मागवता येत नाहीत.